ओच्यात घातलेली माती

ओस्लो,
रविवार, २६ एप्रिल १९९२

प्रिय स्वाइनुंग,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखायला थोडा वेळ लागला. तेरा वर्षं नाताळची कार्डं तुझी बायको योरुनच लिहिते आणि खाली तुम्हा सगळ्यांची नावं घालते. त्यामुळे तुझं अक्षर पाहून आधी वाटलं, बाबांचं काही बरंवाईट झालं. अंगातला कोटही न काढता दारातच पाकीट फोडलं. तसं काही नव्हतं, मग खाली बसले.

तुझ्या छातीच्या दुखण्याबद्दल योरुननं दोन ओळी लिहिल्या होत्या. पण डॉक्टरांनी गोठ्यातलं काम कायमचं बंद करायला सांगितलंय, हे तुझ्या पत्रातूनच कळलं. ऐक त्यांचं. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहिते. एक्कावन्न हे काही माणसानं निजून राहायचं वय नाही, पण मरायचंही नाही.

इकडचं बर्फ गेलं. अंगणाच्या सावलीतल्या कोपऱ्यात एक काळं ढेकूळ तेवढं उरलंय. मी बरी आहे. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. ट्राममध्ये मला आता लोक उठून जागा देतात, आणि मी हट्टानं उभी राहते.

बाबा ऐकू येण्याचं यंत्र वापरतात का? की अजूनही खणातच ठेवतात?

आता तुझ्या पत्राकडे वळते. एकोणीस जूनला शेत तुझ्या थोरलीच्या, सोल्वोरच्या नावावर करायचं ठरवलंयस, आणि श्योत्यावर, म्हणजे त्या हस्तांतरणाच्या कागदावर, साक्षीदार म्हणून मी सही करावी असं म्हणतोस. शेवटी, जणू सहज, विचारलंस: "ताई, तू शब्दांचं काम करतेस. या कागदाला श्योते का म्हणतात? आइलेवनं विचारलं, मला सांगता आलं नाही." मी सोप्या प्रश्नापासून सुरुवात करते.

कागदाशी या शब्दाचा मुळात काही संबंध नाही. आपल्या जुन्या भाषेत 'स्काउत' म्हणजे कापडाचा सुटा भाग. पदर म्हण, ओचा म्हण. शिडाच्या खालच्या कोपऱ्यालाही तोच शब्द. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या जुन्या कायद्यात लिहिलंय की जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जायची तेव्हा साक्षीदारांसमोर चार ठिकाणची माती उचलायची: चुलीच्या चार कोपऱ्यांची, घरधन्याच्या आसनाखालची, नांगरट आणि गवताळ रान भेटतं तिथली, आणि झाडीचा उतार नि चराऊ कुरण भेटतं तिथली. ती सगळी माती घेणाऱ्याच्या ओच्यात घालायची. झाला व्यवहार. ओच्यात घालणं म्हणून 'श्योते'. पुढे माती गेली, ओचा गेला, कागद आला. शब्द तेवढा राहिला. तू त्या दिवशी कचेरीत जो कागद पुढे सारशील, त्याचं नाव अजून चिखलानं भरलेलं आहे असं पोराला, आइलेवला सांग. त्याला आवडेल.

हा शब्द नऊ वर्षं माझ्या टेबलावर आहे. शब्दकोशातली त्याची नोंद तयार होते, मी ती छपाईला पाठवत नाही, परत घेते, एखादं उदाहरण बदलते. आमच्याकडे लाउरिट्स म्हणून एक जण आहे, माझ्यासमोर बसतो. परवा म्हणाला, "हाल्डिस, हेरिंग मासेसुद्धा इतके मुरवत नाहीत. आता बरणी उघड, नाहीतर फेकून दे." मी म्हटलं, पुराव्यात अजून त्रुटी आहे. तो हसला. त्रुटी काही नाही.

साक्षीचं म्हणशील, तर जूनमध्ये कार्यालयात फार काम असतं. रजा मिळेलसं वाटत नाही. साक्षीदार कोणीही प्रौढ माणूस चालतो. शेजारचा क्नुत चालेल, शाळेतल्या बाई चालतील.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: "ताई, मी तुझ्या जागी बसलो. आता ती जागा माझ्या मुलीकडे जाईल, म्हणजे तुझ्यावर झालेला अन्याय एका पिढीनं का होईना भरून निघेल." त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

योरुनला आणि मुलांना आठवण. बाबांनाही सांग.

हाल्डिस


ओस्लो,
रविवार, १० मे १९९२

प्रिय स्वाइनुंग,

तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. इतकं चिडलेलं येईल असंही नाही. "क्नुत चालेल हे मला कळतं, ताई. मला तू हवीस." ही ओळ मी कितीदा वाचली सांगू नये. आज सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसतेय. मधे उठून खिडक्या पुसल्या. मग खाली जाऊन उगाच टपालपेटी पाहिली. रविवारी कसलं आलंय टपाल.

आइलेवचं वाचून हसू आलं. "म्हणजे कागद नसता तर ताईच्या मांडीवर चिखल, आणि मी साक्षीदार!" असं सोल्वोरला चिडवत म्हणाला ना? बोलणं अगदी आपल्या आईवर गेलंय. तू लिहितोस, तुझ्या दुखण्यापासून तोच सगळं बघतो, वासरांची नावंसुद्धा तोच ठेवतो, पण शेताविषयी चकार शब्द काढत नाही, कारण थोरली बहीण आहे आणि नव्या कायद्यानं हक्क तिचा आहे. आणि तुला त्याचा अभिमान वाटतो. "या घरात मुलीला डावलण्याची गोष्ट एकदाच घडली," असं लिहिलंस.

हे लिहिताना तुला बरं वाटलं असेल. मला वाचताना वाटलं नाही.

सोल्वोर इथे आली होती, तुला ठाऊक असेलच. नसेल, तर आता कळलं. गेल्या रविवारी आली. रात्रपाळी करून सरळ माझ्याकडे. आदल्या रात्री तीन बाळंतपणं झाली, त्यातलं एक जुळ्यांचं. मी अंडी उकडली, ब्राउन चीज काढलं. तिनं काही खाल्लं नाही, फक्त कॉफीवर कॉफी. तिचे हात अगदी बाबांसारखे आहेत, रुंद आणि शांत. त्या हातात पोरं येतात आणि रडायची थांबतात म्हणे. तिच्या प्रसूतिगृहातल्या बायका तिलाच बोलवा म्हणून हट्ट धरतात, हे तिनं नाही सांगितलं, मला दुसरीकडून कळलं.

बरी आहे ती. जरा थकलीय.

तू लिहितोस की ते कात्रण तू अजून ठेवलंयस. चौऱ्याहत्तर सालचं, थोरल्या मुलीलाही शेताचा हक्क देणारा नवीन कायदा होत होता तेव्हाचं. माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, "मुलगी म्हणून मला माझ्याच घरात जागा नव्हती." त्या कायद्यासाठीच्या सभेत मी बोलले, टाळ्या पडल्या, आणि वर्तमानपत्राची एक बाई वही घेऊन पुढे आली. आईनं ते कात्रण बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं होतं, हे मला योरुननं कितीतरी वर्षांनी सांगितलं. बाबांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय." त्यावर आई उठून आत गेली, आणि तिनं त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

बाबा इतकंच म्हणाले?

ते कात्रण जाळ, स्वाइनुंग. का ते मला आज लिहिता येत नाही. तुला वाटेल ताई आढ्यतेखोर झाली, शहरात राहून लहरी झाली. तसं वाटू दे थोडे दिवस.

सोल्वोरला सहीच्या दिवसाबद्दल तू नेमकं काय विचारलंस? म्हणजे विचारलंस का? की सांगितलंस?

लवकर कळव. फोन करू नकोस, फोनवर मी काहीतरी भलतंच बोलेन.

हाल्डिस


ओस्लो,
रविवार, २४ मे १९९२

स्वाइनुंग,

तुझं पत्र काल आलं. "विचारायचं काय त्यात? तिचाच हक्क आहे. दिला म्हणजे झालं." बस, मला एवढंच हवं होतं. आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा जमणार नाही, म्हणून शेजारणीला सांगून ठेवलंय की बेल वाजवू नकोस.

आधी सोल्वोरचं. त्या रविवारी ती मला भेटायला आली नव्हती, मदत मागायला आली होती. कॉफीचा तिसरा कप झाल्यावर म्हणाली, "आत्या, मला ऊर्दालला परत जायचं नाहीय. मला इथंच राहायचंय, माझं काम करायचंय." मी म्हटलं, मग सांग बाबाला. ती म्हणाली, "कसं सांगू? तो माझ्याकडे बघतो आणि त्याला तू दिसतेस. लहानपणापासून ऐकतेय, आत्याला मिळालं नाही, ते तुला मिळणार. मी नको म्हटलं तर तो दुसऱ्यांदा अपराधी होईल. त्याची छाती आधीच अशी." मग म्हणाली, "आणि आइलेव बिचारा जीव टाकतो त्या शेतावर. तो कधी मागणार नाही आणि मी कधी नको म्हणणार नाही. आम्ही दोघं असेच म्हातारे होऊ."

आणि जाताना दारात, बूट घालता घालता: "आत्या, बाबाला सांगू नकोस हं. शब्द दे."

मी दिला. ती जिना उतरून गेली आणि मी दाराला टेकून उभी राहिले, कारण हेच शब्द मी एकदा म्हटले होते. तेही मे महिन्यातच, आणि ऐकणारा माणूस बाबा होते.

त्रेसष्ट साल. तू बावीसचा, मी सत्तावीसची. बटाट्यांची लावणी चालली होती. तू दुधाचे कॅन घेऊन फेरीबोटीच्या धक्क्यावर गेला होतास आणि आई मावशीकडे. बाबांनी मला बांधावरून हाक मारली. तेव्हा ते तालुक्याच्या न्यायालयात पंच म्हणून बसायचे, आठवतं ना, आणि जुन्या कायद्याचं ते जाड पुस्तक जेवताना वाचून आईला कंटाळा आणायचे. मी बटाट्यांचा एप्रन लावूनच आत गेले. ते चुलीपाशी गुडघ्यांवर बसून चाकूनं कोपरे खरवडत होते.

"ओचा धर," म्हणाले.

मला वाटलं, काहीतरी सांडलंय. धरला. त्यांनी त्यात चिमूटभर काजळीची माती टाकली. मग टेबलाच्या टोकाला त्यांच्या खुर्चीखाली वाकले, आणि हसले. "इथं फळ्या आहेत. धुळीवर भागव." मग मला घेऊन बाहेर निघाले. पाय दुखत होता त्यांचा, झाड पडलं होतं त्या पायावर, तरी काठी घेतली नाही. शेत आणि गवत भेटतं तिथे एक मूठ. मग वर, बर्चझाडांची कड संपून कुरण सुरू होतं तिथे आणखी एक. चारी ठिकाणची माती माझ्या एप्रनमध्ये.

"झालं," म्हणाले. "कागद पुढच्या आठवड्यात करू. खरं काम हे. शेत तुझं."

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, श्योत्याला श्योते का म्हणतात त्याचं, मला शब्दकोशानं नाही शिकवलं. बाबांनी शिकवलं, त्या उतारावर. पहिल्या पत्रात मी तुला ते असं लिहिलं, जणू चिठ्ठ्यांच्या पेटीत सापडलं.

मी म्हटलं, "हक्क तर स्वाइनुंगचा आहे. मुलगा तो आहे."

"तो हक्क सांगायला येणार नाही. त्याला जहाजाची इंजिनं हवीत. तुला जमीन कळते."

स्वाइनुंग, त्या वेळी माझ्या खिशात ओस्लोहून आलेलं पत्र होतं, शब्दकोशाच्या कार्यालयाचं. दोन दिवस मी ते घेऊन फिरत होते. खाली फियॉर्डच्या पाण्यात ती फेरीबोट वळताना दिसत होती. मी सांगितलं त्यांना. मला नको, म्हटलं. आणि एप्रन सोडला. माती तिथेच बुटांवर पडली. त्यांनी पाहिली. वाकून उचलली नाही.

मग म्हणाले, "तू नाही म्हणालीस तर त्याला थांबावं लागेल. त्याला बर्गनच्या शाळेचं पत्र आलंय. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. तू ते मला आधी दाखवलं होतंस, गोठ्यामागे. पाकीट किती काळजीनं फोडलं होतंस, कात्रीनं.

मी म्हणाले, "त्याला सवय होईल."

हे वाक्य मी एकोणतीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनी ऐकलंय तेवढंच.

मग मी आणखी एक मागितलं. आईला सांगू नका, म्हटलं, कुणालाच सांगू नका. घरची थोरली मुलगी शेत झिडकारून शहरात पळाली असं गावानं म्हणावं हे मला नको होतं. आईचा चेहरा मला बघायचा नव्हता. "सगळे देतात तसं मुलाला दिलं म्हणा. कोणी विचारणार नाही." बाबा म्हणाले, "म्हणजे दोष माझा." मी म्हटलं, "दोष कसला? रीतच आहे." त्यांनी माझ्या हातात हात देऊन शब्द दिला. तो शब्द त्यांनी आजतागायत मोडला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण खोट्याला पाय फुटतात. आधी आई पत्रातून हळहळायची, आणि मी तिला हळहळू दिलं. मग इथे मैत्रिणी विचारायच्या, तू का सोडलंस गाव, आणि 'मुलाला दिलं' एवढं म्हटलं की त्यांचे डोळे भरायचे. मग ती सभा. मी उभी राहिले तेव्हा माझा स्वतःचाच विश्वास बसला होता. बोलताना माझा आवाज खरोखर कापला. कायदा योग्यच होता, ते मी आजही म्हणेन, ज्यांना खरंच डावललं गेलं त्या हजारो बायका होत्या. मी त्यांच्यातली नव्हते.

आणि तेरा वर्षांपूर्वीचा, आईच्या अंत्यविधीचा दिवस. तू चर्चमधून येऊन टेबलाच्या टोकाला बसलास, बाबांनी ती खुर्ची तुला सोडली होती म्हणून, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बैस, बैस. माझ्याच जागी बसायची तुला सवय आहे." तू उठून बाहेर गेलास. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी तेव्हा सांगायला हवं होतं. मी मनातून वाट बघत होते की ते सांगतील. त्यांनी फक्त यंत्र कानातून काढलं आणि खिशात टाकलं.

त्यानंतर तू त्यांच्याशी कामापुरतंच बोलतोस, असं योरुन म्हणते. तीस पावलांवर राहता तुम्ही. तुला वाटतं त्यांनी माझ्यावर अन्याय केला आणि तुला त्यात ओढलं. त्यांनी अन्याय केला नाही. तुला ओढलं ते मी.

सोल्वोरला मी काल फोन केला. म्हटलं, तुला दिलेला शब्द मोडतेय. ती म्हणाली, "आत्या, तू वचन दिलं होतंस." हो म्हटलं, दिलं होतं, आणि मोडतेय. मग म्हणाली, "मोडायचंच आहे तर नीट मोड. अर्धवट नको." म्हणून हे सगळं लिहिलं. काही गाळलेलं नाही.

माझ्यावरच्या अन्यायाची भरपाई म्हणून तिच्या ओच्यात माती घालू नकोस. तो अन्याय झालाच नव्हता.

मी माफी मागत नाही. मागायची नाही म्हणून नव्हे. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आता आणखी काही लादायचं नाही.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना सांग, मी त्यांना शब्दातून सोडवलं.

हाल्डिस


ऊर्दाल,
सोमवार, ८ जून १९९२

ताई,

तुझं पत्र गोठ्यात वाचलं, उभ्यानं. मग पुन्हा वाचलं. योरुन जेवायला हाका मारत होती, मी गेलो नाही. तिला वाटलं छातीत दुखतंय, ती धावत आली. मी पत्र तिच्या हातात दिलं आणि बाहेर निघून गेलो. कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. तीन दिवस मी असाच हिंडत होतो. कुंपणाचे खांब हलवून बघत होतो, जे पक्के आहेत तेसुद्धा.

चौथ्या दिवशी बाबांकडे गेलो. ते खिडकीशी बसून काठी तासत होते. मी म्हटलं, "ताईचं पत्र आलंय." त्यांनी यंत्र कानात घातलं. मी सगळं वाचून दाखवलं, ते एक वाक्यसुद्धा. वाचून झाल्यावर म्हणाले, "लिहिलं का शेवटी. बरं झालं. मला वाटत होतं मी आधी जाईन."

मी म्हटलं, "एकोणतीस वर्षं गप्प बसलात."

"शब्द दिला होता."

"आई तुमच्यावर रागावून गेली. तिला तरी सांगायचं."

"तिलाच तर नाही सांगायचं होतं."

"आणि मला?"

"तू कधी विचारलं नाहीस."

मग मात्र माझा तोल गेला. इतकी वर्षं या माणसासमोर मी आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, "मी विचारलं नाही? तुम्ही मला विचारलं होतंत? त्या दिवशी संध्याकाळी जेवताना म्हणालात, शेत तू घ्यायचंस. एवढंच. मी बर्गनचं पत्र परत पाठवलं, तुम्ही मला तिकीट दिलंत त्याला चिकटवायला."

त्यांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाही विचारलं. हाल्डिसला विचारलं, तर ती नाही म्हणाली. तुला विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. तूही नाही म्हणाला असतास." आणि थोड्या वेळानं, "तेवढं माझं आहे. तिचं नाही. तिला लिही तसं."

म्हणून लिहितोय.

त्यानंतर मी एक वेडेपणा केला. फेरीनं पलीकडे गेलो आणि त्याच फेरीनं परत आलो. चढताना इंजिनवाल्याला म्हटलं, खाली येऊ का? तो आमच्या क्नुतचा मेहुणा, ओळखीचा. म्हणाला, ये. तासभर खाली उभा होतो. तेलाचा वास, कानठळ्या, पायाखालचा पत्रा थरथरत होता. मला आवडलं की नाही ते सांगता येत नाही, ताई. तेच तर कठीण आहे. मला हे शेत आवडतं का, हेही सांगता येत नाही. कधी स्वतःला विचारायची वेळच आली नाही. परतताना आमचा उतार पाण्यावरून दिसला, आइलेव कुरणात होता, लहान ठिपक्याएवढा. मला वाटलं, त्यालाही मी कधी विचारलेलं नाही.

मग सोल्वोरला फोन केला. तिला म्हटलं, "मी तुला एक विचारतो. कोणतंही उत्तर चालेल. तुला शेत हवंय का?" ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "नको, बाबा." म्हटलं, बरं. ती म्हणाली, "तू चिडलास?" म्हटलं, नाही, मी खाली बसलोय. खरंच बसलो होतो. तिनं विचारलं छातीत दुखतंय का. म्हटलं, उलट.

आइलेवला दुसऱ्या दिवशी विचारलं, कुंपणाशी. मला वाटलं होतं उडीच मारेल. तो म्हणाला, "आठवडाभर थांब." मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, "इतकी वर्षं मला मिळणार नाही असं धरून चाललो होतो. आता हवंय का ते बघायला नको?" आठवडा अजून पुरा झालेला नाही. योरुन म्हणते, हे पोर आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणं निघालं. सोल्वोरनंही कळवलंय की तो हो म्हणाला तर ती आपला हक्क लिहून सोडून देईल.

एकोणीस तारखेची सही रद्द केली. कचेरीतल्या माणसानं कारण विचारलं. म्हटलं, विचारायचं राहून गेलं होतं.

तुझ्याबद्दल. मी तुला माफ केलं असं लिहायला दोनदा बसलो. लिहवत नाही. "त्याला सवय होईल." झाली ना सवय. तेच तर मला गिळता येत नाही, की तू बरोबर होतीस. काही दिवस मला तुझा फार राग येतो, आणि मग मधेच आठवतं की अन्याय करून बसलोय असं समजून मी तेरा वर्षं तुला फोन केला नाही, आणि तूही अन्याय केलायस म्हणूनच केला नाहीस. दोघंही एकाच भिंतीला पाठ लावून बसलो होतो, दोन बाजूंनी.

बाबा रोज विचारतात, ती कधी येणार. ते शहाऐंशीचे आहेत, त्यांना मी टाळाटाळीचं उत्तर देऊ शकत नाही. तेव्हा ये. गवत कापायच्या आधी ये. पहिले एकदोन दिवस मी कदाचित बोलणार नाही, तू मनावर घेऊ नकोस आणि बडबडही करू नकोस. जेवायला टेबलाशी कुठेही बैस, आमच्याकडे आता कुणाची जागा ठरलेली नाही, योरुननं परवाच टेबल फिरवून भिंतीला लावलं.

सही करायला येऊ नकोस. नुसती ये.

तुझा भाऊ. हे नातंही मला कुणी न विचारताच दिलं, पण एवढं तरी मी परत करणार नाही.

स्वाइनुंग